दाजींचा बांध

रक्ताला घाबरणारा सर्जन अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. स्थळ बघताना वडिलांनी पत्रिका बघितली, शेती विचारली, भाऊबंद किती ते विचारलं. पण रक्त बघून तुम्हाला काय होतं, हे सर्जनला कोण विचारतं? ताईनं लातूरला संसार मांडला आणि वर्षाच्या आत बीट, डाळिंब, कलिंगड अशी तांबडी मंडळी एकेक करून त्या घरातून हद्दपार झाली. रश्श्यावरची तर्री दाजी चमच्यानं काढून शेजारच्या वाटीत सोडायचे. शेजारी बहुतेक मीच असायचो, त्यामुळं माझी तक्रार नव्हती. धुळवडीला अर्जंट केस आली म्हणून सकाळीच दवाखान्यात जाऊन बसायचे आणि दार लावून पेपर वाचायचे.

घाबरायचे म्हणजे त्यांना घेरी यायची असं नाही. ऑपरेशनमध्ये कापसाचा बोळा जरा जास्त लाल झाला, की ते पंगतीत मीठ वाढायचं राहून गेलेल्या यजमानासारखे ओशाळायचे आणि भूल दिलेल्या पेशंटचीच माफी मागायचे. याचं मूळ लातूरच्या भूकंपात होतं. तेव्हा दाजी नुकतेच सर्जरी शिकायला लागले होते आणि त्यांना थेट जखमींच्या तंबूत पाठवलं होतं. तिथं काय बघितलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लग्नानंतर एकदा ताईनं फारच खोदून विचारलं, तर एवढंच म्हणाले, "दाबून धरायला हात पुरले न्हाईत." ताईनं पुन्हा विचारलं नाही.

असल्या माणसाला दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे देवच भेटला. पोटाला चार छोटी भोकं पाडायची, आत कॅमेरा सोडायचा, पडद्यावर बघत आतडं सोडवायचं. पण खरी गंमत रक्त थांबवायच्या मशीनची. रक्तवाहिनी लांब चिमट्यात धरायची, पायाखालचं पेडल दाबायचं, उष्णतेनं तिच्या भिंती आतून एकमेकींना चिकटतात, मशीन 'टूं' करतं, आणि मग कापायचं. थेंब पडत नाही. ते मशीन दवाखान्यात आलं त्या दिवशी दाजींनी त्याला हळदकुंकू वाहिलं. कुंकू ताईनं वाहिलं, ते तांबडं म्हणून.

मी नांदेडचा भूल देणारा डॉक्टर. लातुरात भूल देणारे काय कमी होते? पण दाजींना मीच लागायचो, कारण त्यांच्या संथपणावर बाकीचे कावायचे आणि मेव्हण्याला कावायची सोय नसते. मशीननं टूं केलं तरी यांचा विश्वास नसे. "मशीन म्हणून राहिलं झालं म्हणून. शीर कुठं म्हणाली?" असं म्हणून शेजारी पुन्हा एकदा शेकायचे. चिमट्याला काजळी धरली की बाहेर काढून ओल्या फडक्यानं पुसायचे, समईची वात सारखी करावी तसे. शीर शेकताना ओढायची नाही, सैल धरायची. आतड्याच्या भिंतीपासून लांब राहायचं, त्या चटक्याचं भोक चार दिवसांनी कळतं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे बांध. शीर कधीही मुळाशी कापायची नाही. मुळाकडं थोडा बांध राखायचा, म्हणजे दगा झालाच तर धरायला काहीतरी हातात राहतं. "बांध राहू द्या. बांध कोरू नका." हे वाक्य त्या थिएटरात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं गेलं असेल.

एकदा शिरूर अनंतपाळकडचे एक शेतकरी हर्नियासाठी आले होते. कमरेखालची भूल, म्हणजे माणूस टक्क जागा, मध्ये फक्त कापडाचा पडदा. दाजी सवयीनं मदतनीसाला म्हणाले, "अहो, बांध कोरून राहिलात तुम्ही." पडद्यामागून आवाज आला, "म्या न्हाई कोरला, डाक्टर. भावकीनं कोरलाय. मोजणी आणा म्हणावं!" आम्ही हसलो, पण दाजी गंभीर. त्यांनी पडद्यावरून वाकून त्यांची सगळी कैफियत ऐकून घेतली, मगच पुढचा टाका घातला. ते गृहस्थ पुढं दर संक्रांतीला ज्वारीचा हुरडा घेऊन यायचे आणि बांधाची खबर देऊन जायचे.

तोवर लातूरला क्लासेसचा पूर आला. दाजींच्या गल्लीत घराघराच्या माडीवर पोरं, खाली मेस, भिंतींवर पहिल्या आलेल्यांचे फोटो. ताईच्या माडीवर मुखेडची एक मुलगी राहायला आली आणि खोली वर असली तरी जेवायला ताईच्या ओट्यापाशीच बसायला लागली. पुढं ती डॉक्टर झाली, सर्जन झाली, आणि दुर्बिणीचं काम शिकायला दाजींकडंच आली. हाताला विजेसारखी चपळ. दाजी तिच्यावर सारखे करवादायचे, "बाई, हा एन्ट्रन्सचा पेपर हाय का? घंटा व्हायच्या आत सगळे गोल भरायचेत का तुला?" ती मान खाली घालून हसायची आणि पुन्हा शेकायची.

आणि मग ताईलाच झालं. थकवा, तोंडावर पांढुरकी कळा, रक्त कमी. तपासलं तर उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ. कॅन्सरची. काढली तर ताई वाचणार होती, गाठ अजून बाहेर पसरली नव्हती. दाजी म्हणाले, मी करतो. ताई म्हणाली, तुमी आतसुद्धा यायचं न्हाई. माझं रक्त बघून तुमी ओशाळलात तर पोरगी घाबरंल. ऑपरेशन आपली माडीवरली पोरगीच करंल. भूल माझा भाऊ देईल. तिनं हे भाजीला काय करायचं ते सांगावं तसं सांगितलं, आणि घरात ताईपुढं कुणाचं चालत नसे.

ऑपरेशनच्या सकाळी दाजी गायब. ताईला टेबलावर घेतलं, ती इकडं तिकडं बघून राहिली. "हे कुठं हाईत रे?" मी म्हणालो, बाहेर बसलेत. बाहेर बाकडं रिकामं होतं. मला असा संताप आला म्हणता! आयुष्यभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांना धीर देणारा माणूस, आणि आज पळून गेला? मी ताईच्या कपाळावर हात ठेवला आणि तिला झोपवलं.

मुलगी छान करत होती. आतड्याच्या मुळाची मोठी शीर आली. शेकली, थांबली, पुन्हा शेकली, कापली. आणि क्षणभरानं शिरेच्या कापलेल्या तोंडातून धार उडाली, पडदा लाल झाला. मला ताईच्या नाडीचा आवाज सोडून काही ऐकू येईना.  फडक्याचा तुकडा आत सरकवून मुलीनं दाबून धरलं, शोषणनळीनं रक्त ओढून घेतलं, आणि हळूच फडकं बाजूला केलं. मुळाशी बोटाच्या पेराएवढी शीर राखलेली होती. चिमट्यात आली. पेडल दाबलं, थांबली, वर क्लिप लावली. कोरडं. मास्कमधून ती एवढंच म्हणाली, "बांध होता, मामा." माझा चष्मा धुरकटला होता, मी मान हलवली.

बाहेर आलो तर दाजी बाकड्यावर. चेहरा चुन्यासारखा, हातात बिस्किटाचा पुडा, कोपरात कापूस दाबलेला. ताईसाठी राखलेल्या पिशवीच्या बदल्यात रक्तपेढीला कुणीतरी रक्त द्यायचं होतं. दर पेशंटच्या नातेवाइकांना ते रक्तदानावर व्याख्यान द्यायचे, पण स्वतः जन्मात कधी दिलं नव्हतं. त्या दिवशी जाऊन दिलं. सगळा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो म्हणाले, चतुर्थी कधी हाय ते पाठ झालंय. मग त्यांनी विचारलं, "पिशवी लागली का?" मी म्हणालो, नाही लागली. आणि त्या माणसाला, काय सांगू, हुंदका फुटला.

ताई खडखडीत बरी झाली. दाजींनी दिलेलं रक्त दुसऱ्याच कुणाला तरी गेलं, आणि तो माणूस कोण असेल ते हुडकायचा त्यांना छंदच लागला. गोलाईत बाजाराला गेलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघायचे. "ह्यो असंल का हो? न्हाई, ह्यो गुटखा खाऊन राहिला. आपला न्हाई ह्यो."

दाजी हृदयविकारानं गेले, तेही असेच गुपचूप, कुणाला त्रास न देता. परवा लातूरला गेलो होतो, ताईबरोबर गोलाईत भाजीला निघालो. एक उंचसा माणूस पोराला खांद्यावर घेऊन चालला होता. ताई त्याच्याकडं बघत मध्येच उभी राहिली. मी म्हणालो, चल, ऊन झालंय.

"थांब की," ताई म्हणाली. "जरा बघू दे."