हणमंतरावांच्या दारात थांबलेला बँड

औशाच्या मोहियोद्दीनचाचांना मिरवणुकीचं वेड होतं. लग्नाची असो, बसवजयंतीची असो, उरुसातल्या संदलची असो, की निवडून आलेल्या सरपंचाची, क्लॅरनेट ओठाला लागलं की हा बँडमास्तर पुन्हा विशीत जायचा. बाकीचे बँडवाले पोटासाठी वाजवतात, चाचा हौसेसाठी वाजवायचे, आणि त्यावरून रईसाचाचींचं रोज डोकं उठायचं.

एक रिवाज मात्र ते कसोशीने पाळत. ज्या घरात मयत झालेली असेल त्या घरासमोर मास्तर हात वर करणार, बँड गप्प होणार आणि सगळी मिरवणूक मुकाट्याने पुढे सरकणार. तसं हे सगळेच बँडवाले पाळतात. पण भूकंपानंतरच्या पहिल्या लग्नसराईत चाचा पत्र्याच्या शेडांच्या एका वस्तीतून तंद्रीत वाजवत गेले, आणि एका शेडमधून एक म्हातारी बाहेर येऊन नुसती बघत उभी राहिली. घरात ती एकटीच उरली होती. तिचं ते बघणं चाचांच्या काळजात रुतलं. तेव्हापासून त्यांचा हात जरा जास्तच लवकर वर जाऊ लागला.

पुढे काही वर्षांनी लातुरात क्लासेसचं पेव फुटलं आणि मिरवणुकांना नवा हंगाम मिळाला. निकाल लागला की क्लासवाले गुणवंतांना उघड्या जीपमध्ये बसवून गावभर मिरवणार, पुढे बँड हवाच. त्या वर्षी मेडिकलला नंबर लागला तो चाचांच्याच गल्लीतल्या कहकशांचा. तिच्यासोबत रोज एसटीने लातूरला जाणारी, एका डब्यात जेवणारी शिल्पा मात्र नापास झाली. शिल्पा म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या हणमंतराव शेतकऱ्याची धाकटी. ईदला चाचांच्या घरी हक्काने शिरखुर्मा मागणारी पोर.

मिरवणूक रंगात आली. गुलाल उडत होता, जीपमध्ये कहकशां ओढणी सावरत हसत होती, पोरं घामाघूम होऊन नाचत होती आणि चाचांना तर जगाचं भान नव्हतं. वळणावर हणमंतरावांचं घर दिसलं आणि त्यांना एकदम स्वतःची शरम वाटली. त्या घरात एक पोर रडत बसली असेल आणि आपण तिच्या दारात जल्लोष करतोय! विचार करायला सवड कुठली? हात वर गेला.

बँड थांबला. आता औशात बँड अधेमधे थांबला तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. नाचणारे थबकले. कुणी डोक्यावरची टोपी नीट केली, कुणी दाराकडे बघून हात जोडले. मागून कुजबुज सुरू झाली, "कोण गेलं?" समोरची साखराबाई तोंडाला पदर लावून हणमंतरावांच्या ओट्यावर चढली आणि ओरडली, "अगं बया, पोरीनं काई करून घेतलं की काय!"

हणमंतराव बाहेर आले. त्यांनी गर्दी बघितली, जोडलेले हात बघितले, मग चाचांकडे वळले.

"मास्तर, आमच्या घरात कोण मेलं हो?"

चाचांचा वर गेलेला हात खाली आला. हणमंतरावांच्या मागे दारात शिल्पा उभी होती. क्षणभरच. ती आत वळली आणि दार लागलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. गावाचं तोंड कोण धरणार? बातमी पार अहमदपूरपर्यंत गेली. तिथून शिल्पाची मावशी रडत एसटीने आली, आणि जिवंत भाची समोर बघून गळ्यात पडून आणखी रडली. रईसाचाचींनी तर चाचांना सरळच सुनावलं, "नापास हुई तो क्या मर गई जी? जीती पोरी का जनाजा निकाले तुम!"

हे खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटायचं. शेवटी एका सकाळी धीर करून ते हणमंतरावांच्या घरी गेले. हणमंतराव शेतावर होते. दार शिल्पानेच उघडलं.

"बेटा, चूक झाली माझी. तुला वाईट वाटू नये म्हणून बँड थांबवला गं."

"हाव चाचा, म्हाईत हाय मला." ती उंबऱ्यात बसली. "कहकशां म्हणली होती, तुझ्या दारात आले की जीपमधून उतरते, दोघी मिळून नाचू. मी सकाळपासून तयार होऊन बसले होते. निकाल लागल्यापासून त्याच दिवशी जेवले मी पोटभर."

"मग यायचं ना बाहेर!"

"आलेच की दारापर्यंत," शिल्पा म्हणाली. "पण समदे हात जोडून उभे होते, चाचा. त्यांच्यात कशी नाचू?"