नोकरीवाल्या मॅडमची मुलाखत

पेट्रोल पंप मागे पडला, चढ लागला, तरी मॅडम काही थांबेनात. बस मुद्दाम सोडलेली. चालताना डोकं चालतं म्हणे. सोबत कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी मैत्रीण. तिचे पाय केव्हाचे बोलायला लागले होते, पण सोडून जाणार कशी? मॅडमची इतक्या वर्षांची तात्पुरती नोकरी उद्याच्या मुलाखतीत एकतर कायम होणार होती, नाहीतर जाणार होती.

"विचार ना काहीतरी," मॅडम म्हणाल्या.

"तुमच्या कामाबद्दल सांगा," मैत्रीण धापा टाकत म्हणाली.

"मी... म्हणजे माझं काम... अगं, पुढचं विचार."

आणि हीच बाई अख्ख्या कॉलेजला मुलाखत द्यायला शिकवते!

त्यांच्या करिअर मार्गदर्शन कक्षात पूर्वी पोरं यायची ती मोबाइल चार्ज करायला. एखादा बसलाच, तर प्रत्येक शब्दाला मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी सांगायचा, "बाबा नाही म्हणाले." शेवटी मॅडमनी बाबांनाच बोलावलं. बाबांबरोबर आई आली, आईबरोबर आजी, आणि एका घरातून तर शेजारचे काकाही आले, त्यांना वेळ होता म्हणून. एका आजींना मॅडमनी विचारलं, नातवानं काय व्हावं? "आधी जागं व्हावं," आजी म्हणाल्या.

मग पोरं निवडायला एका कंपनीचे साहेब आले, तेव्हा मॅडमनी उलटाच घाट घातला. साहेबांना एकट्या खुर्चीवर बसवलं आणि समोर घरची मंडळी. स्थळाची चौकशी करावी तसे प्रश्न सुरू झाले.

"पगार वेळेवर देता का?"

"रात्री उशीर झाला तर पोरीला घरी कोण सोडणार?"

"आणि तुम्ही एवढे बारीक कसे? जेवायला सुट्टी देत नाहीत वाटतं."

साहेबांना घाम फुटला. पण गाडीची सोय त्यांनी तिथल्या तिथे कबूल केली, आणि बाबांच्या नकारापायी अडलेली एक पोरगी कामाला लागली. प्राचार्यांना धास्ती, साहेब पुन्हा फिरकतात की नाही. साहेब आले. येताना सगळी उत्तरं पाठ करून आले.

"अगं, मग हेच सांग की उद्या," मैत्रीण म्हणाली.

"तिथे बसलं की सगळं पळून जातं. घरात तर सोयच नाही. नवरा म्हणतो हसू नकोस, लेक म्हणते हस, सासूबाई म्हणतात आवाज बदल. दुसरा कुठून आणू?"

"देव आहे ना. सकाळी हात जोडते मी तुझ्यासाठी."

मॅडम चढावरच थबकल्या.

"हे बघ, घाबरले की मी फिरत्या खुर्चीत गोल फिरते. मागच्या मुलाखतीत माझी अर्धी उत्तरं भिंतीनं ऐकली. तेव्हा देवाकडे नोकरीबिकरी मागू नकोस, ती माझी मी बघते. खुर्ची तेवढी चार पायांची असू दे म्हणावं."