बारीक पिवळी रेघ

मिस्त्रीच्या गॅरेजात दिवसाला आठ-दहा गाड्या यायच्या, पण मिस्त्रीचा रुबाब होता तो एकाच गाडीच्या जोरावर. बावीस वर्षांची जर्मन गाडी, गडद निळी, सहा सिलिंडरची, नुसती उभी असली तरी आत्ता सुटेल असं वाटायला लावणारी. मालकीण म्हणजे दोन रस्ते पलीकडच्या दातांच्या डॉक्टर. गाडी कोपऱ्यावर वळली की आवाजावरून मिस्त्रीला कळायचं. मग हातातली स्कूटर तशीच टाकून तो हात पुसायचा आणि उरलेसुरले केस नीट करायचा. गॅरेजच्या वरच्या मजल्यावर राहणारी त्याची बायको खिडकीतून हाक मारायची, "अहो, तुमची धाकटी आली!"

तसं म्हणायचा तिला पूर्ण अधिकार होता. तिच्या शिलाई मशीनचा पट्टा चार महिने तुटलेला होता, आणि धाकटीची काच खाली येईना म्हटल्यावर मिस्त्री त्याच दिवशी दार उघडून बसला होता.

आता ही गाडी म्हणजे पांढरा हत्तीच. इंजिन असं की दोन पिढ्या चालेल. पण त्या इंजिनाभोवती पाणी खेळवायला ज्या टाक्या-नळ्या, त्या प्लास्टिकच्या. काही वर्षांत त्यांचं बिस्किट होतं, आणि कधी तुटतील याचा नेम नाही. पाणी गेलं की इंजिन तापतं, इंजिन तापलं की त्याच्या माथ्यावरचं हेड वाकतं, आणि हेड वाकलं की गाडीला रामराम. मिस्त्रीनं अकरा वर्षांत टाकी तीनदा बदलली, पंप दोनदा बदलला, पण गाडीला एकदाही तापू दिलं नव्हतं. पाणी भरायची त्याची खास रीत होती. फाटकाच्या चढावर गाडीचं नाक वर करायचं, हीटर पूर्ण सोडायचा, टाकीवरचा प्लास्टिकचा स्क्रू उघडा ठेवून बुडबुडे संपेपर्यंत थांबायचं. मग तो स्क्रू आवळायचा. जास्त आवळला तर तडकतो, कमी आवळला तर पाणी सोडतो. "हे पुस्तकात नाही, बोटात असतं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

प्रत्येक बोल्ट आवळून झाला की तो त्यावर पिवळी रेघ ओढायचा, अर्धी बोल्टवर, अर्धी बाजूच्या धातूवर. बोल्ट फिरला तर रेघ तुटते आणि लगेच दिसतं. रंग म्हणजे बायकोनं हौसेनं आणून एकदाही न लावलेलं पिवळं नेलपॉलिश. रेघ जाडजूड, थोडी तिरकी. आपलं अक्षर ओळखावं तशी मिस्त्री आपली रेघ ओळखायचा.

काम चालू असताना डॉक्टर गाडी सोडून जात नसत. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून काम बघत राहत. एकदा त्यांनी पर्समधून दातांचा छोटा आरसा काढून दिला होता. "मागची बाजू दिसेल याच्यात," त्या म्हणाल्या होत्या.

"हातच्या काकणाला आरसा कशाला, डॉक्टर?" असं म्हणून मिस्त्रीनं तो परत केला होता.

आणि त्या दिवशी टाकी चौथ्यांदा बदलायला म्हणून त्यानं सगळं उघडलं तर काय! पंपाच्या एका बोल्टवर रेघ होती पिवळीच, पण बारीक. केसासारखी सरळ. पंपाशेजारच्या झाकणाच्या दोन बोल्टवर तशाच. नळीच्या क्लिपच्या स्क्रूवर चौथी. त्यांच्याखाली आपली जाड रेघ पुसल्याच्या खुणा.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटीला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागला होता! बरं, लागला तो धसमुसळाही नव्हता. कुठे ओरखडा नाही, तेलाचा डाग नाही. काम वाईट असतं तर मिस्त्री चार लोकांत हसला असता. ते आपल्याहून चांगलं होतं, हेच त्याला सोसवेना.

डॉक्टरांना विचारावं, तर त्या 'हो' म्हणाल्या म्हणजे? त्यानं विचारलंच नाही. नवी टाकी यायला चार दिवस होते, आणि ते चारही दिवस त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारच्या टायरवाल्याशी नुसत्या संशयावरून बोलणं तोडलं. तो बिचारा विचारत राहिला, माझं काय चुकलं? एका दुपारी स्वच्छ शर्ट घालून मिस्त्री गावाबाहेरच्या काचेच्या गॅरेजात जाऊन आला, जिथे कॉम्प्युटर लावून गाडीची नाडी बघतात. टेबलामागच्या मुलीनं गाडीचं वय विचारलं आणि गोड हसली.

"काका, पंधरा वर्षांवरच्या गाड्या आम्ही घेतच नाही."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ते नाहीत तर मग कोण? ज्याचं तोंड माहीत नाही त्याचा हेवा करणं फार वाईट. जेवताना तो मध्येच थांबायचा. बायको म्हणाली, "माझ्यावर कधी एवढा संशय घेतला नाहीत हो!"

टाकी आली, त्यानं बसवली. नाक चढावर, हीटर चालू, बुडबुडे संपले. स्क्रू आवळला. आणि मग, डॉक्टर स्टुलावरून उठून फोनवर बोलत बाहेर गेल्या तेव्हा, मिस्त्रीनं तो स्क्रू अर्धा फेरा मागे फिरवला. वर जाड पिवळी रेघ ओढली. आठवड्याभरात पाणी झिरपेल, तापमानाचा काटा वर चढेल, डॉक्टर त्या दुसऱ्याकडे जातील, त्याला काही सापडणार नाही, आणि मग येतील इथेच. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर त्याला गार गार वाटलं.

डॉक्टर फोन ठेवून आत आल्या. "मुलीचा होता. उद्या सकाळी निघतेय तिच्याकडे. डोंगरातल्या रस्त्यानं जाते, गाडीला जरा पळायला मिळेल."

डोंगराचा चढ! तिथे आठवडा कशाला, अर्धा तास पुरे. थांबा, एवढंच म्हणायचं होतं. मिस्त्री नुसता हात पुसत राहिला, आणि गाडी गेली.

सकाळी चहा तसाच टाकून तो पाना घेऊन पळत सुटला. साठीचा माणूस, पायात घरातल्या चपला. निघाल्या असतील तर? मध्येच गाडी बंद पडून डॉक्टर त्या वळणांवर एकट्या असतील तर? आपल्या हातानं आपण अकरा वर्षं मातीत घातली, हे एकच त्याच्या डोक्यात चाललं होतं.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात गाडी उभी होती. बॉनेट उघडं. आत वाकलेल्या डॉक्टर, हातांवर रबरी मोजे, कपाळावर दिवा, एका हातात तो छोटा आरसा आणि दुसऱ्यात पिवळं नेलपॉलिश.

"तुम्ही?" मिस्त्री दम खात म्हणाला.

डॉक्टर ओशाळल्या. "पकडलंत शेवटी. अकरा वर्षं स्टुलावर बसून बघतेय, मिस्त्री. आणि माझा धंदाही असलाच, अरुंद जागा आणि कमी उजेड." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हा स्क्रू सैल होता. अर्धा फेरा. रेघ मात्र ओढलेली."

मिस्त्रीनं हातातला पाना पाठीमागे नेला.

"रागावू नका. मागच्या वर्षी पंपाचा एक बोल्ट तसाच निघाला. रेघ ओढलेली, पण बोटानं फिरत होता. मग झाकणाचे दोन. मग क्लिप. तेव्हापासून तुमच्याकडून आणली की मी एकदा हात फिरवते. तुम्हाला सांगायचं मनात यायचं, पण धीर होईना. तुमचं मन मोडलं असतं."

पंप, झाकणाचे दोन, क्लिप. चार. पाचवा त्याचा होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण मग ते चार कुणाचे? ते त्यानं सोडले नव्हते. ते त्याच्याकडून राहिले होते, आणि राहिले हे त्याला कळलंही नव्हतं. त्या न दिसणाऱ्या माणसाचा एवढा मत्सर केला, आणि तो माणूस वर्षभर याचीच चूक झाकत होता.

"डॉक्टर, हा आत्ताचा मी मुद्दाम सैल केला," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही गाडी दुसऱ्याकडे नेता. मी जळलो."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. दात मुळीच दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटकडे त्या असंच बघत असणार.

"असू दे, मिस्त्री."

"खरं सांगतोय. देवाशप्पथ."

"माझे वडीलही म्हणायचे, चष्मा मी मुद्दामच विसरलो," त्या मायेनं म्हणाल्या आणि वाकून स्क्रूवर रेघ ओढली. एका दमात, बारीक, सरळ. तो हात बघून मिस्त्री परत जळलाच. स्वभाव काही एका सकाळीत जात नाही.

"पुढच्या महिन्यात तेल बदलायचंय," बॉनेट लावत डॉक्टर म्हणाल्या. "आणू ना?"

मिस्त्रीनं पाना खिशात घातला. "आणा," तो म्हणाला. "तो आरसाही आणा."

धाकटी डोंगराच्या दिशेनं गेली. आवाज पार विरेपर्यंत तो रस्त्यात उभा राहिला. घरी आल्यावर गॅरेज न उघडता जिना चढला आणि बायकोच्या मशीनसमोर मांडी घालून बसला. नवा पट्टा चढवला, चाकाचा स्क्रू आवळला, आणि सवयीनं रेघ ओढायला बाटली उघडली. मग ती बाजूला ठेवली.

"अगं, इकडे ये जरा," तो म्हणाला. "हात लावून बघ, घट्ट बसलाय का."