रिकाम्या जागेतली काठी

सर गेल्यावर तेराव्याला त्यांच्या पत्नीने, काकूंनी, मला आतल्या खोलीत बोलावलं आणि एक कापडी पिशवी हातात दिली. आत पिवळ्या रंगाने रंगवलेल्या लाकडी काठ्या होत्या. कुठली वीतभर, कुठली हातभर, आणि प्रत्येकीवर सरांच्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला: ‘नाही’.

“घेऊन जा बाई. मला यांचा काय उपयोग? चुलीत घालाव्या तर हे रात्री येऊन भांडतील,” काकू म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या. पिशवी छातीशी धरून मी हिंगोलीच्या बसस्टँडपर्यंत चालत गेले. वाटेत कोणी ओळखीचं भेटू नये असं वाटत होतं.

सर औंढ्याचे. वडील देवळात पूजेला होते आणि पोरानेही तेच करावं असा त्यांचा आग्रह होता. पोरगं मात्र दगडांच्या मागे लागलं. भूशास्त्र शिकून सरकारी नोकरीत गेलं आणि धरणाच्या जागा तपासत राज्यभर फिरलं. अमुक ठिकाणी भिंत बांधली तर खालचा खडक पाणी धरील का सोडील, हे आधी सांगायचं, एवढंच सरांचं काम. पन्नाशीनंतर ते आमच्या कॉलेजात शिकवायला आले. खडकाचा नमुना हातात आला की आधी त्यावर तांब्यातलं पाणी ओतायचे, कारण ओला दगड आपला खरा रंग दाखवतो. “आमचे वडील जन्मभर दगडाला पाणी घालत राहिले, आन् मी बी तेच करून राहिलो. त्यांना प्रसाद तरी मिळायचा,” हे ते दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी आमच्या आधी स्वतःच हसायचे.

मी आखाडा बाळापूरच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यातली. पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे, माझ्या वडिलांच्या, बापूंच्या, वाट्याला माळाकडेचं थोडं वावर आलं. इंजिनिअरिंगला गेलेली तांड्यातली पहिली पोरगी मी, आणि ते मला फार लवकर डोक्यात गेलं होतं. राग तर जन्मापासूनच नाकावर. आपलं काही चुकू शकतं हे मला मान्यच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला डोंगरकड्याजवळ एका ड्रिलच्या कामावर नेलं. पोकळ नळी जमिनीत फिरवत नेतात आणि तिच्यातून खडकाच्या कांड्या वर येतात. त्यांना कोअर म्हणतात. कप्पे असलेल्या लांब पेटीत त्या आल्या तशा क्रमाने मांडायच्या. एकेका पोराला एकेक पेटी दिली होती. माझ्या पेटीत तिसऱ्या कप्प्यात हातभर जागा रिकामी राहिली. तेवढ्या खोलीतून काही वर आलंच नव्हतं. सगळ्यांच्या पेट्या भरलेल्या आणि माझीच भोकाची, हे मला सहन होईना. मशीनमागे जुन्या कांड्यांचे तुकडे पडले होते. त्यातले चार उचलले आणि जागा भरून टाकली.

सर आले, पाणी ओतलं. मग डोळे मिटून एका टोकापासून बोट फिरवायला लागले. तिसऱ्या कप्प्याशी बोट थांबलं.

“हे पाहुणे कोणाच्या घरचे?”

मी मशीनमागच्या ढिगाकडे बघितलं.

“खरी कांडी जिथं तुटती तिथं दोन्ही टोकं एकमेकांत बसतात. हे बसून नाही राहिले.” त्यांनी चारही तुकडे काढून बाजूला ठेवले. मला वाटलं आता सगळ्यांदेखत झाडणार. सरांनी झोळीतून पिवळी काठी काढली, बरोबर हातभर लांबीची, आणि रिकाम्या जागेत ठेवली. मग तिथेच मातीत बसून त्यांनी आम्हाला आपली गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी दूरच्या एका गावच्या तलावासाठी त्यांच्यापुढे गच्च भरलेली पेटी आली होती. पेटी भरलेली दिसली की साहेबलोक खूश होतात, म्हणून ड्रिलचे मिस्त्री इकडचे तिकडचे तुकडे घालून भरतात, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी सही केली. तलाव झाला. पहिल्याच हिवाळ्यात सगळं पाणी तळातून निघून गेलं.

“त्या गावात मी नंतर गेलो होतो,” सर म्हणाले. “एक म्हातारी मलाच विचारून राहिली होती, पाणी काहून थांबत नाही म्हणून. मी तिला काय सांगू? पोरांनो, जिथं दगड आला नाही तिथं ‘नाही’ म्हणून ल्याहा. पेटीत सगळ्यात जास्त ती रिकामी जागाच बोलती.”

त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली तेवढी पुढे कधी वाटली नाही. पण त्याच दिवशी मी ठरवलं की आपण हेच शिकायचं. सरांमागे लागून भूशास्त्र शिकले, नोकरीलाही लागले, आणि तिसऱ्याच वर्षी माझ्या टेबलावर एका छोट्या तलावाची फाईल आली. गावाचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. तो आमच्याच तांड्याचा तलाव होता.

आमच्या तांड्यात फाल्गुन लागला की बाया घागरी घेऊन खालच्या गावाच्या विहिरीवर जायच्या. माझी आई गेली, चुलत्या गेल्या, मीही गेले. तलावाची मागणी मी शाळेत होते तेव्हापासूनची. आता जागा ठरली होती वरच्या खिंडीत, जिथे काळा कातळ उघडा पडलेला. तीन बोअर झाले होते, पेट्या भरलेल्या होत्या, फक्त माझी सही राहिली होती.

मी पेट्या पाहायला गेले. दोन ठीक होत्या. तिसरी काठोकाठ भरलेली, कुठे नखभर जागा नाही. पाणी ओतलं, डोळे मिटले, बोट फिरवलं. चौथ्या कप्प्यात टोकाला टोक बसेना.

“मिस्त्री, हे पाहुणे कोणाच्या घरचे?”

मिस्त्री आधी चिडला, मग हळूच म्हणाला, “म्याडम, तिथं काई निघालंच न्हाई. खाली जागा दिसली तं साहेब आमालाच बोल लावतात.”

त्याच्यावर मला रागावताच आलं नाही. मीही तेच केलं होतं. तुकडे काढले, सरांसारखीच रंगवलेली काठी ठेवली आणि सही न करता परत आले. माझ्यासमोर पुन्हा बोअर घ्यायला लावलं. या वेळी ड्रिलचं पाणी कमी ठेवलं, नळी हळू नेली, तेव्हा कळलं की दोन काळ्या थरांच्या मधे भुसभुशीत तांबड्या मातीचा पट्टा आहे. आधी ड्रिलच्या पाण्यानेच तो धुऊन जात होता. तलावाचं पाणीही त्याच वाटेने गेलं असतं.

खाली तीनशे पावलांवर वेगळा खडक होता. त्याला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात. पांढऱ्या ठिपक्यांचा, मऊ, घराच्या पायाला कोणी घेत नाही असा. पण त्याला भेगा नसतात. तिथे बोअर घेतला तर हातभर लांबीची अख्खी कांडी वर आली. मी जागा खाली सरकवायचं लिहिलं, आणि खाली सरकलं की बापूंचं ज्वारीचं वावर तलावात जात होतं.

तांडा पेटला. नाईक, म्हणजे आमच्या तांड्याचे प्रमुख, घरी येऊन बसले. “काळा कातळ सोडून त्या मांजऱ्यावर? अगं, ते भाकरीवानी मऊ हाय.” एकजण म्हणाला, शिकून आली आन् आपल्याच तलावाला आडवी पडली. बापू सगळं ऐकून घेत होते. सगळे गेल्यावर म्हणाले, “वावर गेलं तं जाऊ दे. पण पाणी न्हाई थांबलं तं तांड्यात तोंड दाखवू नको.”

मी सरांकडे गेले. तोवर त्यांची नजर जवळजवळ गेली होती. दोन्ही जागांच्या कांड्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी बराच वेळ बोटं फिरवली. मला वाटलं, म्हणतील तू बरोबर आहेस. एवढंच ऐकायला मी आले होते.

“रिकाम्या जागेत काठी ठेवली का?”

“ठेवली, सर.”

“मग मला कशाला विचारून राहिली? चहा घे.”

मला त्यांचा इतका राग आला की चहा न पिताच उठणार होते. पण बसमध्ये बसल्यावर राग गेला आणि मन एकदम शांत झालं. दुसऱ्या दिवशी सही केली, खालच्या जागेसाठी.

तलाव झाला. पावसाळ्यात भरला, त्याचं मला काही वाटलं नाही, पावसात डबकंही भरतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर रविवारी मी लपतछपत जाऊन भिंतीवरची खूण बघून यायचे. फाल्गुन लागला आणि बाया घागरी घेऊन निघाल्या त्या तलावाकडे. चैत्रात सरांना जीपमधून तांड्यावर आणलं. अख्खा तांडा काठावर उभा होता, लेकरं पाण्यात उड्या मारत होती. नाईक सरांना पाण्याकडे न्यायला लागले तर सर म्हणाले, “पाणी तुमी बघा. मला भिंतीच्या मागं न्या.”

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते भिंतीच्या पायथ्याशी उतरले, वाकले, आणि तळहात जमिनीवर टेकवला. जरा पुढे जाऊन पुन्हा टेकवला. असं पाच-सहा ठिकाणी केलं. बापू मागे उभे होते. त्यांना काही कळेना.

“पाणी गळत असतं तं इथं ओल आली असती,” सर त्यांना म्हणाले. “कोरडं हाय बापू. खडखडीत कोरडं.”

बापूही खाली बसले आणि त्यांनी सरांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. आयुष्यभर ओलीसाठी जमीन चाचपणारा माणूस, कोरडी माती मुठीत घेऊन हसत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “चल घरी. जेवून जा.” इतका आनंद मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

आता सर नाहीत, त्यांच्या जागी मी शिकवते. त्यांच्या काठ्या माझ्या विद्यार्थ्यांच्या पेट्यांत असतात, आणि आमच्या भागातले दोन-तीन मिस्त्री स्वतःहून काठ्या रंगवून बाळगतात. खिंडीतल्या पेटीचा तो मिस्त्री तर नव्या पोरांना दमच देतो की जागा भरली तर खबरदार. बापूंचे गुडघे गेलेत, तरी चैत्रात एक दिवस मला हाताला धरून भिंतीच्या मागे नेतात. आम्ही दोघं वाकून तळहात टेकवतो. यंदाही टेकवला. कोरडं होतं.