खरवस म्हणायचं नाही!

किस्से सायीसारखे असतात. धरताना दिसत नाहीत, पण भांडं जरा थंड झालं की हा जाड थर!

आता माझी परी शाळेत जाते. तिची बस पाच मिनिटं लेट झाली तरी माझा जीव खाली-वर होतो. मग मन रमवायला मी विंचूरजवळच्या त्या हॉटेलचं किचन आठवते. बंद झालं बिचारं. तिथं परदेशातले गोड पदार्थ बनायचे. मी सातवी शिकलेली; तिथं कामाला लागले तेव्हा परी सहा महिन्यांची, नवऱ्याचं काम सुटलेलं. शेफ सर म्हणालेले, "तीन महिने बघू. कायम करायचं का ते मालकीण मॅडम ठरवतील."

पहिल्याच दिवशी सरांनी इटलीचा पॅना कोटा चाखायला दिला. पांढराशुभ्र, थुलथुलीत. मी म्हटलं, "सर, हा तर खरवस!"

सर दाराकडं बघत म्हणाले, "हळू बोल! खरवस म्हटलं तर इथं येऊन कोण मागवेल?"

तिरामिसूची बिस्किटं कॉफीत बुडवताना शेजारी काम करणाऱ्या सुमनताई म्हणाल्या, "आमच्या सासूबाई जन्मभर चहात टोस्ट बुडवतायत. त्यांना इटलीवाल्यांनी कधी विचारलं नाही!"

मग ते फ्रान्सचं क्रेम ब्रुले. सर वरची साखर गॅसच्या बत्तीनं जाळून फोनवर बोलायला बाहेर गेले. मी बघते तर सगळं करपलेलं! सरांची इज्जत जायला नको म्हणून बाराही वाट्यांवरचा थर चमच्यानं खरवडून टाकला.

सर आले, बघतच राहिले. "अगं बाई, त्याच थरासाठी लोक येतात!"

मेरँगसाठी अंड्याचं पांढरं फेटताना मी सारखी घरी फोन लावायची. परी रडली का? दूध प्यायली का? सुमनताई वैतागल्या, "फेस काय न् पोर काय, टक लावून बघितल्यानं वाढत नाही!"

मी फोन ठेवला. पाच मिनिटांनी परत लावला!

तीन महिने भरले. मॅडम तान्ह्या नातवाला घेऊन चाखायला आल्या. सरांचा पॅना कोटा असा जमलेला की नजर हटेना. सकाळी परीला लावायची तशी मी त्याच्या कडेला चॉकलेटची बारीक तीट लावली. हात आपोआपच गेला. प्लेट बाहेर गेल्यावर सरांना कळलं. ते कपाळाला हात लावून बसले.

मॅडमनी मला बोलावलं. "हे काय?"

"नजर लागू नये म्हणून, मॅडम."

मॅडमनी चमचा खाली ठेवला. "उद्या किती वाजता येशील?" असं म्हणत त्यांनी करंगळीनं ती तीट उचलली आणि मांडीवरच्या नातवाच्या गालावर टेकवली.