संगणक बोलेना तेव्हा

भाषांतरकाराला जन्मापासून दिसत नव्हतं. त्याचा संगणकच त्याला सगळं वाचून दाखवायचा. रोज सकाळी बटण दाबलं की चहाचे दोन घोट होतायत तोवर आतला आवाज बोलायला लागायचा. त्या दिवशी चहा निवून गेला तरी चकार शब्द नाही. यंत्रातला पंखा तेवढा घरघरत होता.

भाषांतर झालेलं निम्मं पुस्तक आत होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

"अगं, जरा इकडे ये!"

बायको ओल्या हातांनीच आली आणि दारात थबकली. "अगं बाई! पडदाभर नुसती पांढरी अक्षरं!"

"वाच."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"नको कळू दे. एकेक अक्षर वाच."

ती अडखळत वाचत गेली. एका नावापाशी त्याने तिला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. बोटांनी वाचायच्या नव्या ब्रेलपट्टीसाठी आदल्या दिवशी त्यानेच हौसेने बसवलेलं मॉड्यूल, म्हणजे प्रणालीला जोडायचा तुकडा, होतं ते. कर्नेल, म्हणजे यंत्राचा गाभा, सुरू होतानाच त्या तुकड्यापाशी कोसळत होता. बोलणाऱ्या आवाजाची पाळी येतच नव्हती.

"माझ्याच हाताने धोंडा पाडून घेतला मी पायावर," तो पुटपुटला. "बस खुर्चीत. आता तूच कर."

"मी? काही बिघडलं तर माझ्या नावाने खडे फोडाल."

"बिघडायचं ते बिघडलंय!"

यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तो सांगेल ती कळ ती दाबत राहिली, पण यंत्र कसं सुरू करायचं ते निवडायची यादी दर वेळी निसटायची. शेवटी ती ओरडली, "आली, आली!"

सुरुवातीच्या आज्ञेची ओळ उघडून तिच्या टोकाला लिहायचं होतं, की या मॉड्यूलला हात लावू नकोस. तो अक्षरं सांगत गेला.

"अंडरस्कोअर."

"तो कोण आता?"

"खालची आडवी रेघ गं!"

तिने शेवटची कळ दाबली आणि डोळे मिटून घेतले. खोलीत पंख्याची घरघर. मग एकदम तो ओळखीचा, कोरडा आवाज बोलला. भाषांतरकार इतका दचकला की कप कलंडला.

त्याने आधी पुस्तकाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, मग ते मॉड्यूल मुळासकट काढलं. पुन्हा यंत्र बंद-चालू केलं. या वेळी काही न लिहिताच आवाज आला.

बायको खुर्चीतून उठेना. "एवढंसं नाव," ती म्हणाली, "आणि तेवढ्यावर सगळंच बंद?"

कलंडलेला कप चाचपून उचलत तो दोघांसाठी पुन्हा चहा टाकायला उठला.