फातिमाबींचा उजवा हात

अणदूरच्या बाजारात फातिमाबी मणियार यांचं बांगड्यांचं दुकान आहे. पत्र्याची एक खोली, पुढं चटई, मागं भिंतभर काचेच्या बांगड्या. चाळीस वर्षं त्या त्याच चटईवर बसतात. गिऱ्हाइकाचा पंजा नुसता हातात घेतला की बांगडीचं माप दोन-चार लागेल की दोन-सहा, हे त्या सांगणार आणि ते चुकायचं नाही. गावातल्या कितीतरी नवऱ्या मुलींचे चुडे त्यांनीच भरले. त्यात त्यांच्या सासूनं घालून दिलेला एक नियम होता. ज्या हातानं पहिली बांगडी चढली, त्याच हातानं शेवटची चढवायची. चुड्यात मधे भरणारीचा हात बदलायचा नाही.

या वर्षी त्यांचा उजवा अंगठा धरला. बांगडी चढवताना समोरच्या बाईचा पंजा अंगठ्यानं दाबून चिंचोळा करावा लागतो, आणि नेमकी तिथंच कळ उठून कोपरापर्यंत जायची. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा आणि गोळ्या दिल्या. जोडीला ॲक्युपंक्चर करून बघायला हरकत नाही, असंही ते म्हणाले. फातिमाबी टाळत राहिल्या. मग एके दिवशी गावातल्या महेश्वरीची आई तिला घेऊन दुकानात आली. पोरीचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं.

"माझा चुडा तुमीच भरलाव, भाबी. हिचा पण तुमच्याच हातचा पायजे."

फातिमाबी "व्हय" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सून तरन्नुमला घेऊन तुळजापूरच्या जीपमध्ये बसल्या.

ॲक्युपंक्चरचा दवाखाना डॉ. शिवांजली यांचा. बाई तरुण, पण बोलणं सावकाश. त्यांनी आधी गोळ्यांची पाकिटं बघितली. साखर आहे का, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का, सुईनं कधी भोवळ आली होती का, सगळं विचारून लिहून घेतलं.

"सकाळी काय खाल्लं, मावशी?"

"कायच न्हाय. सुई टोचायची म्हणल्यावर उपाशीच यायचं की."

"ते रक्त तपासायला. इथं उपाशी आलात तर चक्कर येईल."

तरन्नुमनं पिशवीतून भाकरी काढली. बाहेरच्या बाकावर बसून फातिमाबींनी ती खाल्ली आणि पुन्हा आत आल्या.

"शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तुमचं दुखणं किती?"

"आसंल दोन."

डॉक्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी हलकंच दाबलं. फातिमाबींचा श्वास अडकला.

"मावशी, हे दोन नाही."

"बरं, सात धरा."

तरन्नुम हसली. "दुकानात बाया आशाच खोटं बोलतात. बांगडी हाडाला आडकलेली असती, आन् म्हणतात न्हाय दुखत. त्यांच्यावर अम्मी लई रागावतात."

"तू गप बस," फातिमाबी म्हणाल्या.

पुढं अडचण निघाली ती बांगड्यांची. सुया मनगटाजवळ लावायच्या होत्या, त्यामुळं उजव्या हातातल्या काढाव्या लागणार होत्या. लग्न झाल्यापासून ते मनगट कुणी ओकं बघितलं नव्हतं.

"मालक धडधाकट हायेत माझे," फातिमाबी म्हणाल्या.

"डाव्या हातातल्या राहू द्या ना. एवढ्यापुरत्याच उजव्यातल्या काढू."

फातिमाबींनी थोडा विचार केला आणि हात पुढं केला. पण अंगठा सुजलेला, बांगड्या निघणार कशा? तरन्नुमनं साबणाचं पाणी मागवलं आणि सासूचा पंजा हातात घेतला. फातिमाबींनी तो ताठ केला.

"अम्मी, ढिला सोडा. ताठ हातावर बांगडी वाढती." फुटती असं मणियाराच्या घरात कुणी म्हणत नाही.

हे वाक्य फातिमाबींनी हजारो बायकांना ऐकवलं होतं. त्यांनी हात सोडला. तरन्नुमनं एकेक करून आठही बांगड्या धड काढल्या, आणि कळ म्हणावी अशी उठलीच नाही. आजवर त्यांनी सुनेला फक्त डबे लावायला आणि धूळ पुसायला बसवलं होतं.

डॉक्टरांनी सुयांचं बंद पाकीट त्यांच्यासमोर फोडलं. सुया केसासारख्या बारीक, आत औषध वगैरे काही नाही. मुंगी चावल्यासारखं झालं, मग हात जड झाला आणि बोटांपर्यंत मुंग्या गेल्या.

"जड वाटलं तर घाबरायचं नाही. पण चमक निघाली किंवा जीव घाबरा झाला तर लगेच सांगा. हात हलवू नका."

वीस मिनिटं त्या पडून राहिल्या. त्यात त्यांचा डोळाही लागला. सुया काढल्यावर डॉक्टरांनी कापूस दाबला. एखादा निळा डाग पडेल, आज थकवा वाटेल, गोळ्या आणि पट्टा सोडायचा नाही, असं बजावलं.

"लग्नापत्तुर बरा हुईल का?"

"सहा वेळा करू, मग बघू. काहींना फरक पडतो, काहींना थोडाच. आणि हाताला आराम नसेल तर नुसत्या सुया काय करणार?"

महिन्याभरात सहा वेळा जाणं झालं. चहाचा कप धरता येऊ लागला, झोपेतून उठवणारी कळ गेली. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा आकडा विचारला.

"तीन," फातिमाबी म्हणाल्या. "खरं सांगते. पण एका हाताचा चुडा भरला की पाच हुईल. दुसऱ्या हाताचं सांगता येत न्हाय."

चुड्याच्या दिवशी महेश्वरीच्या घरी बायकांची दाटी झाली. फातिमाबींनी मुलीचा पंजा हातात घेऊन माप सांगितलं. हिरवी पहिली बांगडी उचलली, आणि शेजारी बसलेल्या तरन्नुमच्या हातात दिली.

"हे काय, भाबी?" महेश्वरीची आई म्हणाली. "आपलं ठरलं व्हतं."

"ठरलं व्हतं. पण अर्ध्यात माझा अंगठा थांबला, तर तुमच्या पोरीचा चुडा दोघींच्या हातचा हुईल. मला ते नको."

"हिला येतंय का?"

"सुजलेल्या हातातल्या आठ काढल्यात तिनं, एक बी न वाढवता."

"काढणं येगळं, भरणं येगळं."

"मग बघा की बसून."

महेश्वरीची आई तोंड आवळून बसली. तरन्नुमनं एकदा सासूकडं बघितलं आणि पहिली बांगडी चढवली. मग दुसरी, तिसरी. पाचव्या बांगडीला महेश्वरीची आई मागं वळून कुणाला तरी आमटीत मीठ टाकलं का, ते विचारू लागली. फातिमाबी उजव्या हातानं एकेक बांगडी सुनेपुढं करत राहिल्या. तेवढं त्या हाताला जमत होतं.